मोतीरामभाऊंच्या तीन पट्ट्या

पोहे भिजलेले, कांदा अर्धा चिरलेला, कुकरची तिसरी शिट्टी, आणि शेखर, म्हणजे आमचे हे, मोजे शोधत घरभर फिरताहेत. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा अख्ख्या अमरावतीत एकच माणूस, मोतीरामभाऊ पॉलिशवाले.

"बाई, कांदा राहू द्या. ऊन चाललं."

हातात सागवानाच्या तीन पट्ट्या, प्रत्येकीला वेगळा रंग. दिवाणखान्याच्या खिडकीला आतून लाकडी झडपा लावायच्या होत्या, आणि मी मोबाइलमध्ये पाहून काळपट अक्रोडी रंग पसंत केला होता. भाऊंनी ती पट्टी खिडकीशी धरली. उन्हात चक्क वांगं!

"मोबाइलमंधी आपल्या घरचं ऊन नसते न बाई."

दुपारी आले, दिवेलागणीला परत आले, त्याच पट्ट्या तिथेच धरल्या. शेवटी मधाचा रंग ठरला.

भाऊ मूळचे मोर्शीचे. तरुणपणी संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकायचे. पुठ्ठ्याची खोकी आली, ते काम गेलं, मग इथे येऊन पॉलिश शिकले. आता साठी उलटली. पॉलिशपेपर मारून झाला की लाकडावरून हात उलटा फिरवतात. "तयहाताले घट्टे पडले, त्याले काय समजते?" रंग लावायचा तो कापडाने, लाकडाच्या रेषेरेषेने. बिजागरीखालच्या कडासुद्धा सोडल्या नाहीत.

"तिथे कोण बघणार आहे?" शेखरनी विचारलं.

"पानी पायते न साहेब."

पाण्याची त्यांना धास्तीच होती. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत हर्षाकडे अशाच झडपा केल्या होत्या. मे महिन्यात त्या फुगल्या, पॉलिशवर पांढुरके डाग आले, आणि नाव खराब झालं भाऊंचं. तेव्हापासून कॉलनीत कोणी बोलावलं नव्हतं. वर्षभरात आमचंच काम पहिलं.

आठव्या दिवशी झडपा लागल्या. शेखरनी चारदा उघडझाप केली आणि खुशाल म्हणाले, "मी तर आधीपासून मधाचाच रंग म्हणत होतो!" भाऊ माझ्याकडे बघून गालात हसले.

मी चहा दिला. पण त्यांचं लक्ष खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडकडे होतं. होळी झाली की आमचा कूलर तिथेच चढतो, पंधरा वर्षं झाली. त्याच्या जाळ्यांत भरायचं यंदाचं नवं गवतही शेखरनी आदल्याच दिवशी आणून ठेवलं होतं.

भाऊंनी कप खाली ठेवला.

"हर्षाबाईचा कूलरबी खिडकीतच होता. रातंदिवस ओली हवा झडपाईवर. समजलं होतं मले, पन तवा बोललो नाई. मोठ्याईच्या घरात आपन काय सांगाव म्हनलं. यंदा सांगून राहिलो. बाई, ह्या खिडकीत कूलर लावू नोका."