चाळीसच्या पुढची थरथर

आमची जुनी पिकअप चाळीसच्या पुढे गेली की अंगात आल्यासारखी थरथरायची. आधी सीटखाली घूंऽऽ असा आवाज, मग स्टेअरिंग, मग दारांच्या काचा. ही थरथर सुरू झाली ती गणपतीच्या आधी, पेणहून रोह्याला मूर्ती आणताना, आणि तेव्हा गाडी बाबांच्या हातात होती. मला तेवढं पुरलं.

बाबांचं आता वय झालंय. एरवी गाडी मीच चालवतो, कंपनीच्या शिफ्टा सांभाळून. पण पेणच्या मूर्तींची खेप बाबांचीच. पेंढा किती अंथरायचा, कुठली मूर्ती कुठे टेकवायची, यात ते कोणाला हात लावू देत नसत. रोह्याला लागूनच असलेल्या आमच्या वरसे गावातली, आळीतली माणसं आधीपासून सांगून ठेवत, "आमचा बाप्पा तुमच्याच हातून येऊ दे." एरवी ओटीवर बसून कंटाळणारा माणूस त्या दिवसांत कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा.

त्या खेपेला शेजाऱ्यांच्या मूर्तीचं बोट तुटलं. भंगलेली मूर्ती कोण पूजेला बसवणार? शेजारी भले, काही बोलले नाहीत. मीच बोललो, भर अंगणात, सगळ्यांसमोर. "क्लचवर पाय ठेवून गाडी हाकता! खड्डे दिसत नाय तुम्हाला. वाट लावलीत गाडीची!" आणि त्यांच्या हातातली चावी काढून घेतली. यापुढे पेणची खेपही मीच करणार, असं वर सांगून टाकलं.

"मी सांभाळून आणली रे," बाबा एवढंच म्हणाले.

"म्हणून बोट तुटलं व्हय?"

आई दारातून म्हणाली, "अरे, बापाशी बोलतोयस तू." तेव्हा मला काही वाटलं नाही. आता ताटावर बसलो की ते अंगण आठवतं.

मग त्या थरथरीचा शोध. चाकं बॅलन्स केली, पुढचे टायर मागे टाकले. काही फरक नाही. रोह्याचा आमचा मिस्त्री म्हणाला, आधी एक चक्कर मारून बघू. मी कसला ऐकतोय! बाबांनी क्लच जाळलाय हे मी आधीच ठरवून बसलो होतो. गिअरबॉक्स उतरवायला लावला. क्लच प्लेट धडधाकट निघाली. मग इंजिनाखालचे रबर बदलले. रोह्याबाहेर निडी गावाच्या पुढे गाडी पुन्हा थरथरली. दर वेळी घरी येऊन मी बाबांना ऐकू जाईल अशा बेताने आदळआपट करायचो.

शेवटी मिस्त्री स्वतः शेजारी बसला. गाडी साठला नेली आणि त्याने न्यूट्रलला टाकायला लावली. इंजिनाचा आवाज खाली आला, थरथर तशीच. "इंजिन नाय, क्लच नाय. शाफ्ट हाय," तो म्हणाला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा तो लांब पाइप खोलायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी मी बाबांना मुद्दाम सोबत नेलं. म्हटलं, काय करून ठेवलंय ते बघा तरी.

मिस्त्रीने शाफ्ट काढून दोन लोखंडी पट्ट्यांवर ठेवला. कसाही फिरवला तरी एकच बाजू खाली येई. त्याने तिथे पान्हा घासला तर काळे खपले निघाले. "डांबर? हे कोणी फासलं?"

मीच. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत गाडी खालून सडते, म्हणून जो तो काहीतरी फासतो. पावसाने उघडीप दिली तेव्हा, पत्र्याची गळती बुजवून उरलेलं डांबर मी गाडीला खालून चोपडलं होतं, शाफ्टलाही चांगलं जाड. मग माझ्या शिफ्टा लागल्या, गाडी उभीच राहिली. डांबर ओघळून एका अंगाला साचलं आणि थिजलं. त्यानंतर गाडी पहिल्यांदा काढली ती बाबांनी, मूर्तींसाठी.

मी खाली पडलेले खपले पायाने बाजूला सारू लागलो. बाकड्यावरून बाबाच म्हणाले, "मीच सांगितलं त्याला. जाड लाव म्हटलं."

साफ खोटं. त्या दिवशी ते घरीही नव्हते, पेणला माझ्या बहिणीकडे होते.

"बाबा, डांबर होडीला लावतात!" मिस्त्री हसला. बाबाही त्याच्यासोबत हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा नाय, मी," एवढे तीन शब्द होते. तेही माझ्याने बोलवले नाहीत.

शाफ्ट घासूनपुसून बसवला. आम्ही दोघंच निडीपर्यंत जाऊन आलो. साठला गाडी एकदम शांत. मी रस्त्याबद्दल बोललो, डिझेलबद्दल बोललो, नको त्या सगळ्याबद्दल बोललो. परत फिरताना चहाला थांबलो. बाबा चहा न पिता गाडीकडे बघत उभे राहिले. ही गाडी त्यांनी घेतलेली, हिच्यावरच त्यांनी मला चालवायला शिकवलेलं.

"आता मी चालवू काय रे?" त्यांनी विचारलं. "तू ओरडणार नसशील तर."