दुधाच्या टेम्पोतून, सर्वांत जवळच्या वाटेनं

नांदूरघाटला जायचं ठरलं ते आत्याच्या फोनमुळे. "पोरी, दोनदा दूध नासलं. आता एकदा जरी परत आलं तर शीतकेंद्रवाले आमच्या गटातल्या बायकांचं दूध बंद करणार. तुझं ते रस्ता शोधणारं काढ की."

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. कमीत कमी अंतराचा मार्ग काढणारा एक छोटा प्रोग्राम मी कॉलेजात लिहिला होता. तो खऱ्या रस्त्यावर कधी उतरलाच नव्हता.

पुण्याहून एसटीनं केज, पुढे काळी-पिवळी जीप. परळीच्या वीजकेंद्राची राख वाहणारे डंपर दिसले की खिडकी लावून घ्या. फाट्यावर गरम भजी आणि तळलेली मिरची मिळते, वीस रुपयांत पोट भरतं. त्यापुढे मात्र पाणी जवळ ठेवा; डांबर संपतं, सावलीही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या आणि मी, गटाचं दूध केंद्रावर नेणाऱ्या सुदामतात्यांच्या टेम्पोत बसलो. पूर्वी रस्त्याकडेच्या गावाचं दूध आधी घ्यायचे, मग भरल्या कॅनांनिशी वस्त्यावस्त्यांतून फिरायचे. माझ्या मार्गानं टेम्पो रिकामाच लांबच्या धनगरवस्तीवर गेला आणि दूध घेत माघारी आला. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटच्या थांब्यावर, त्याच रस्त्याकडेच्या गावात, गावचे मानकरी आबा कॅनवर बसूनच होते.

"का रं सुदाम? आमचं दूध पहिलं उचलायचा रिवाज हाय. आज शेवटी?"

"मी न्हाई ठरवलं आबा. हिच्या मोबाईलनं ठरवलं."

"मोबाईलला गावकी कोण शिकवणार?"

ऊन चढत होतं. कॅनवरची ओली पोती वाळली, तसं मी माझं प्यायचं पाणी त्यांवर ओतलं आणि म्हणाले, "आबा, पहिलं घेतलं तर तुमचंच दूध सगळ्यात जास्त वेळ उन्हात फिरतं."

"म्हंजी मानाचं दूध आधी नासायचं?"

कुणीतरी हसलं आणि आबा आणखीच घट्ट बसले. मी जीभ चावली. गावाला सोडून गेलो तर बायकांचा गट फुटणार. थांबलो तर सगळ्यांचं दूध नासणार.

तेवढ्यात आबांची सून पुढे आली. "मामा, टेम्पो सकाळी जातो इथूनच की. जाताना मानाचं तांब्याभर द्या, कॅन येताना. म्हस माझी हाय, धार मी काढते. नासलं तर रडायचं बी मलाच."

आबा कॅनवरून उठले. "तांब्या पितळेचा पायजे."

तात्यांनी टेम्पो असा हाणला की मी दोन्ही हातांनी दांडी धरली. केंद्रावर तपासनीसानं एकेका कॅनचं दूध नळीत घेऊन, औषध घालून हलवलं. प्रत्येक नळीला आत्या माझं मनगट आवळायची. नासल्याची गुठळी कुठेच नव्हती. "घ्या आत," तो म्हणाला. मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ उठले होते.

पुण्यात परतल्यावर प्रोग्राम बदलला. प्रत्येक थांबा एकदाच घ्यायचा, हा नियम काढला. ते गाव आता पहिलंही येतं आणि शेवटचंही. अंतर काही वाढलं नाही. वाट सोपी करायची तर माणसांना वगळून चालत नाही, हे मला कुठल्याच वर्गात कळलं नव्हतं.

परवा तात्यांनी फोटो पाठवला: पुढच्या सीटवर पितळी तांब्या, वर फडकं बांधलेलं आणि सीटबेल्ट लावलेला.