बाळाशेठची गाडी आणि तिची चोरी

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. भंगार आणि किस्से. भंगार न्यायला महिन्याकाठी माणूस येतो, किस्से न्यायला कोणी येत नाही. भोरला एस.टी. स्टँडच्या पुढं माझं गॅरेज होतं तेव्हाचे किस्से अजून माझ्याकडंच पडून आहेत. त्यातले निम्मे एकट्या बाळाशेठचे.

बाळाशेठ वेल्ह्याचे. पासलीकडचा तांदूळ भरून भोरला आणायचा, हा त्यांचा धंदा. गाडी जुनी, तिसऱ्या हाताची. स्वभाव मात्र पहिल्यापासून एकच, संशयी. गाडी दुरुस्तीला आली की शेठ शेजारी स्टूल टाकून बसणार. काढलेला जुना पार्ट फडक्यात बांधून घरी नेणार, कारण काय तर मेस्त्री तोच धुऊन परत बसवील. एकदा जळकं गॅस्केट घेऊन गेले. मी म्हटलं, शेठ, ह्याचं करणार काय? म्हणाले, "मी काय करीन ते सोडा. तुमी काय केलं असतं ते मला ठावं हाय."

* * *

एकदा तक्रार आली की घाटात गाडी तापते. काटा एकदम लालमध्ये जातो, किसन गाडी थांबवतो, पाणी ओततो, काटा खाली येतो. किसन म्हणजे त्यांचा ड्रायव्हर, आंबवड्याचा. मोजकं बोलणारा माणूस, गाडीला बैलासारखा जपायचा. शेठना वाटलं, हा घाटात कुणाला तरी भेटायला थांबतो आणि पाण्याचं निमित्त सांगतो.

मी बघितलं तर पाणी गार, रेडिएटर ठणठणीत. किसननं सहज हॉर्न दाबला आणि काटा टुणकन लालमध्ये! हॉर्न सोडला, काटा खाली. वळणावळणाला हॉर्न मारायचा म्हणून घाटातच गाडी 'तापत' होती. अर्थिंगची वायर सुटली होती, दुसरं काही नाही. पण ती गंजून गेलेली आणि माझ्याकडं नवी वायर नव्हती, बाजाराच्या दिवशी या म्हटलं.

तेवढ्या दिवसांत शेठनी काय करावं? हॉर्न बंद! इंजिनला त्रास नको म्हणून. किसन बिचारा वळण आलं की खिडकीतून मुंडकं बाहेर काढून "हो, हो" ओरडत घाट उतरायचा. बाजाराच्या दिवशी मी वायर बसवली, काटा जागच्या जागी राहिला. शेठ म्हणाले, "बघा, सोडणाऱ्यालाच जोडता येतंय."

* * *

पण खरा ताप पुढं झाला. गाडी सकाळी स्लोवर टिकेना, म्हणजे रेस सोडली की नीट चालेना. चालू झाली की सगळी थरथरायची, एक ठोका पडायचा, एक गिळायची. आम्ही त्याला मिसिंग म्हणतो. शेठ तिला तशीच भोरला माझ्याकडं पाठवायचे आणि माझ्या दारात आली की ती अशी शांत चालायची की बॉनेटवर ठेवलेला चहा हलत नसे. मी नोझल बघितलं, फिल्टर बघितला. दोष असेल तर सापडेल ना!

शेठनी त्याचा अर्थ लावला. वेल्ह्यात बिघडते आणि भोरात बरी होते, म्हणजे मेस्त्री आणि ड्रायव्हर आतून एक. थरथरते का, तर किसन डिझेल विकून वर रॉकेल ओततो.

पुरावाही मिळाला. शेठ संध्याकाळी गाडी दारात आली की टाकीत बांबूची काठी बुडवून डिझेल मापायचे, मग गाडी झोपायला जायची. सकाळी निघताना पुन्हा काठी. तर सकाळी डिझेल बोटभर कमी! डॅशबोर्डवरचा काटासुद्धा तेच सांगत होता. शेठनी किसनकडून किल्ली काढून घेतली आणि दारात उभं राहून अख्ख्या आळीला ऐकवलं की माझा ड्रायव्हर चोर आहे.

किसनच्या धाकट्या बहिणीचं, शांताचं, लग्न ठरत आलं होतं. मुलाकडचे चांगले शिकले-सवरलेले लोक, चौकशी केल्याशिवाय सोयरीक करणारे नव्हते. आणि वेल्ह्यात सकाळी बोललेलं एस.टी.नं दुपारी आंबवड्याला पोचायचं. किसन गॅरेजवर येऊन बसला. चहा दिला तो तसाच निवला.

मग म्हणाला, "मेस्त्री, आमी बौद्ध. आमच्या घरावर बोट दाखवायला लोकास्नी कारण लागत न्हाई. आता तर शेठनी कारण बी दिलं. माझं जाऊ द्या, पोरीचं मोडंल."

मला शेठचा असा राग आला, की समोर असते तर पाना फेकून मारला असता.

* * *

किसनच्या जागी शेठनी मेव्हणा आणला, भाटघरचा. घरचा माणूस, विश्वासाचा. त्यानं रात्री गाडी लावली. सकाळी काठी बुडवली, डिझेल बोटभर कमी. मेव्हण्यानं शपथा घेतल्या. शेठ म्हणाले, शपथ घेणाऱ्यावर तर माझा मुळीच विश्वास नाही. मेव्हणा रुसून भाटघरला परत गेला आणि शेठच्या बायकोनं त्यांच्याशी बोलणं सोडलं.

मग शेठनी स्वतः गाडी लावली आणि घोंगडी पांघरून टाकीला टेकून पहारा दिला. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. सकाळी काठी काढली, बोटभर कमी! शेठ अंगणात येऊन ओरडले, "आता काय मी चोर हाय व्हय?"

बाईंचा अबोला तेवढ्यापुरता सुटला. आतनं म्हणाल्या, "तुमच्याबिगर तितं दुसरं होतं कोन?"

* * *

शेठ तसेच गाडी घेऊन माझ्याकडं आले, काठी हातात. मी त्यांच्यासमोर टाकी मापली. डिझेल सकाळपेक्षा जास्त भरलं! वेल्ह्याहून भोरपर्यंत गाडी चालली आणि डिझेल वाढलं. मी चक्रावलो. शेठ मात्र जराही चक्रावले नाहीत. म्हणाले, "बघा, भिऊन परत टाकलं. कोनीतरी ओळखीचाच हाय."

आता हे माझ्या अब्रूवर आलं. मी त्यांच्या गाडीत बसून वेल्ह्याला गेलो आणि म्हटलं, रोज लावता तिथं लावा. शेठनी गाडी मारुतीच्या देवळापुढच्या उतारावर लावली, तोंड खाली करून. स्टार्टर मेलेला, नवा घ्यायचा जिवावर येतो, म्हणून रोज उतारावर लावायची आणि सकाळी सोडून देऊन चालू करायची. सगळ्या जुन्या गाड्यांची हीच रीत.

मी तिथंच काठी बुडवली. बोटभर कमी. गाडी दारात सपाटीवर, शेठ संध्याकाळी मापतात तिथं, आणून बुडवली. बोटभर जास्त. टाकीचं झाकण, काट्याचा तरंगता गोळा, इंजिनला डिझेल नेणारी नळी, सगळं टाकीच्या मागच्या अंगाला. तोंड खाली केलं की डिझेल पुढच्या अंगाला जायचं. काठी बोटभर कोरडी, काटा खाली. डिझेल कमी असलं की नळीला तेलाऐवजी हवा मिळायची, म्हणून सकाळची थरथर. सपाटीला आली की सगळं जाग्यावर. मी शेठना चार वेळा करून दाखवलं. पाचव्यांदा त्यांनी माझ्या हातातली काठी बदलायला लावली.

दुसऱ्या दिवशी शेठ आंबवड्याला गेले आणि किल्ली किसनच्या ओट्यावर ठेवून परत आले. किसननं बऱ्याच वेळानं ती उचलली. उताराची गोष्ट गावभर झाली, लोकांनी एवढा बिघाड सोसून गाडी चालवणारा म्हणून त्याचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि दोन-तीन गाडीमालक त्याला आपल्याकडं ओढायला टपले. शेठना नवा संशय मिळाला.

* * *

अशात एकदा शेठ माझ्याकडं स्टुलावर बसलेले. बाहेर किसन गाडी पुसत होता. पांढऱ्या टोप्या घातलेले दोन गृहस्थ आले, तुम्हीच बाळाशेठ का म्हणाले, आणि हळूच किसनची चौकशी करू लागले. मी ओळखलं, हे शांताच्या होणाऱ्या सासरचे. चोरीचं कानावर गेलं असणार, म्हणून थेट मालकालाच विचारायला आलेत.

शेठनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. माणूस कसा आहे, असं पाहुण्यांनी विचारलं. शेठ म्हणाले, काही खरं नाही. दारू? पितो की, सकाळीसुद्धा. स्वभाव? खुनशी. मी खोकलो, डोळे मिचकावले. शेठनी मला मान हलवून सांगितलं की समजलं, आणि आणखी जोरात सुरू झाले. डिझेल विकतो, म्हणाले, रॉकेल ओततो, असल्या माणसाच्या नादाला तुम्ही मुळीच लागू नका. बाहेर किसनचा फडक्याचा हात थांबला होता.

दोघांतले म्हातारे पाहुणे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "किती वरसं हाय तुमच्याकडं?"

"गाडी घेतली तवापासनं."

"आन किल्ली अजून त्याच्याकडंच?"

"मग काय दुसऱ्या कुनाच्या हातात देतो व्हय!" शेठ फाडकन बोलले.

म्हाताऱ्यानं सोबत्याकडं बघितलं, उठून टोपी नीट केली आणि बाहेर जाऊन किसनच्या खांद्यावर हात ठेवला. "पाव्हनं, साखरपुड्याचा दिवस तुमीच धरा. आमची तयारी हाय."

किसन फडकं तोंडाला लावून तिथंच चाकापाशी खाली बसला.

शेठनी माझं मनगट धरलं आणि कानाशी येऊन विचारलं, "मेस्त्री, ड्रायव्हर पळवायला साखरपुडा कशाला लागतोय?"