नावेचं नवं इंजिन
डिझेलचा वास आला की वैनगंगेच्या काठावरची एक सकाळ मला आठवते. तेव्हा मी मोहाडीत इंजिनं दुरुस्त करायचो. माणसं पलीकडच्या गावाला नेणाऱ्या एका नावाड्याची नाव पावसाळ्यात धारेला लागून दूर वाहत गेली होती, कारण जुन्या इंजिनात जोरच उरला नव्हता. सगळे वाचले, पण नंतर त्याच्या नावेत कोणी बसेना. म्हणून त्यानं दुप्पट ताकदीचं इंजिन आणलं. मी ते बसवलं, खालच्या फळ्या मजबूत केल्या आणि चालू करून दाखवलं. तरी बाजाराला निघालेल्या बाया काठावरच उभ्या. "बसा न वं," तो विनवत राहिला. तेवढ्यात त्याची बायको घरून आली आणि पदर खोचून पुढच्या फळीवर जाऊन बसली. मग एकेक बाई चढली, मीही इंजिनापाशी बसलो. भर धारेतही नाव सरळ गेली. पलीकडे पोचलो तरी त्याची बायको फळी घट्ट धरूनच बसली होती. "मले पाण्याचा लय भेव लागते," ती नवऱ्याला म्हणाली, "आजवर कधी बसली का मी तुमच्या नावेत? पण तुमचं उतरलेलं तोंड पायवेना." त्यानं हात धरून तिला काठावर उतरवलं. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. आज हे बायकोला सांगताना मी तिचा हात हातात घेतो.