काचेवर न दिसणारा ताप

"बाई, अख्खा ट्रे तपासलात आणि एकही पॉझिटिव्ह नाही?" डॉक्टरसाहेबांनी माझं रजिस्टर मिटलं. "मलेरियाचा सीझन आहे. पुन्हा बघा."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी भिवंडीत, कामतघरच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. बोटाचं रक्त काचेवर पसरायचं आणि मायक्रोस्कोपखाली मलेरियाचे जंतू शोधायचे, हे माझं काम. पुन्हा बघितलं. जंतू नव्हतेच. पेशंटना हुडहुडीही भरत नव्हती. डोळ्यांच्या मागे ठणकत होतं, सांधे धरले होते.

त्यातलेच एक इब्राहिमभाई, लूमचे म्हणजे यंत्रमागांचे मालक. दोन दिवसांनी त्यांची बायको जुबेदाभाभी धावत आली.

"ताई, ताप उतरला, पण हिरड्यांतनं खून येतंय. चला ना!"

डॉक्टर मीटिंगला गेले होते. मीच त्यांच्या घरी गेले. भाईंचे हात गार पडलेले, दंडावर बारीक लाल ठिपके.

"गोळ्या कसल्या दिल्या?"

"अंग दुखतं म्हणून ॲस्पिरिन. सकाळ-संध्याकाळ."

ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो. मला ट्रेनिंगमधलं लेक्चर आठवलं. डेंग्यू. डासामार्फत येणारा विषाणूचा ताप, आशियातल्या कितीतरी शहरांत माणसं मारत फिरणारा. मलेरियाच्या स्लाइडवर तो दिसत नाही. आणि खरा धोका ताप उतरताना असतो.

"गोळ्या बंद करा. आत्ताच्या आत्ता ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलात न्या."

"पण डॉक्टर तर मलेरिया बोलले."

"माझ्या काचेवर मलेरिया नाही, भाभी."

माझा अधिकार तेवढाच होता. भाभींनी लगेच रिक्षा बोलावली.

ते गेल्यावर मी घराला लागून असलेल्या त्यांच्या लूमच्या शेडमध्ये शिरले. पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून ड्रम भरून ठेवलेले, सगळे उघडे. पाणी नितळ, आणि आत अळ्या. मलेरियाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडून राहते. या डेंग्यूच्या डासाच्या अळ्यांसारख्या तिरक्या लटकत होत्या. बाटलीत भरून घेतल्या.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली.

"पेशंटला मला न विचारता पाठवलंत?"

"हो सर."

"बरं केलंत. बाकीच्यांचं रक्त पुण्याच्या लॅबला पाठवू. आणि उद्यापासून ड्रम रिकामे करायला माणसं लावतो."

इब्राहिमभाई वाचले. त्यांच्याकडे लूम चालवणारा रामसुरत मात्र ताप उतरला म्हणून शिफ्टवर गेला, आणि तिसऱ्या दिवशी खोलीवरच वारला. त्याची स्लाइड मीच बघितली होती. निगेटिव्ह लिहून पुढची काच उचलली होती.

पुण्याचा रिपोर्ट आला तोवर साथ ओसरली होती. डेंग्यूच होता.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत निगेटिव्ह लिहिलं की मी समोरच्याला विचारायची, "मग दुखतंय कुठे?" टेक्निशियनने पेशंटला प्रश्न विचारू नयेत, असा दवाखान्याचा नियम होता. तो मी पुन्हा कधी पाळला नाही.