शेवटची चार मिनिटं सोडून द्या

आमच्या घरात माझ्या संगीताला दोन नावं आहेत. आई त्याला 'रेड्याचं दुखणं' म्हणते आणि बाबा 'तुझं ते शुक्रवारचं' म्हणतात. शुक्रवारचं अशासाठी, की मेटल नावाचं हे कर्कश संगीत वाजवणारे जगभरातले लहानसहान बँड आपले नवे अल्बम बहुधा शुक्रवारी बाहेर काढतात. या बँडना कुणी ओळखत नाही. कुणी गोठ्याशेजारच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो, कुणी पन्नास कॅसेटी काढतो आणि त्यातल्या वीस मित्रांना फुकट वाटतो. गायक गात नाही, गुरगुरतो नाहीतर किंचाळतो. ड्रम कधी इतके जलद की मोजू म्हटलं तरी मोजता येत नाहीत, कधी इतके सावकाश की दोन ठोक्यांमध्ये चहाला उकळी यावी.

मी खोपोलीला एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात काम करते. आठवडाभर पत्र्याची जाडी मोजायची आणि रविवारी हे ऐकायचं. ऐकून झालं की त्यातलं कानावर घालण्यासारखं काय ते चार ओळींत लिहून मी फोनवरच्या एका ग्रुपवर टाकते. आम्ही वीस-बावीस जण आहोत, एकमेकांना कधी भेटलेलो नाही. मी स्पष्ट लिहिते. वाईटाला वाईट म्हणते, लांबण लावणाऱ्याला लांबण लावतो म्हणते. त्यामुळे दोघेजण ग्रुप सोडून गेले. गेले तर गेले.

बाईमाणसाला हे वेड कुठून लागलं, असं लोक विचारतात. मला ते बाबांच्या डब्यापायी लागलं. बाबा फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवायच्या कारखान्यात फिटर होते. शाळेला सुट्टी असली की दुपारचा डबा मी घेऊन जायची. गेटाबाहेर उभी राहिले की आत हातोडा पडायचा, घरापेक्षा उंच असा तो मशीनचा हातोडा, आणि त्याचा दणका कानाआधी चपलेतून गुडघ्यांपर्यंत यायचा. मला भीती वाटायची नाही. आत बाबा आहेत आणि सगळं नीट चाललंय, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे हे संगीत हाती लागलं तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबा रिटायर झाले. आमचं घर कुंभिवली गावापासून आत, शेतांच्या कडेला. वारा आमच्या दिशेने असला तरच हायवे ऐकू येतो, एरवी नाही. आईने चौतीस वर्षं या दिवसांची वाट बघितली होती. ओटीवर दोघांनी बसायचं, वाल सोलायचे, गप्पा मारायच्या, इतकं साधं तिचं स्वप्न. पण बाबांचा पाय घरात ठरेना. पहाटे चारला उठून येरझाऱ्या घालायचे. जेवण झालं की हात धुऊन थेट हायवेवरच्या चहाच्या टपरीवर. गावातली शांत टपरी सोडून तीच, जिथे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. संध्याकाळी धूळ खाऊन परत यायचे.

"चौतीस वर्सं कारखान्याला दिली," आई मला म्हणायची, "आता घरात बसायचं तं घर खायाला उठतंय त्यांना." म्हणायची घर, पण तिला म्हणायचं काय होतं ते मला कळत होतं. वालाचं बिरडं पूर्वीपेक्षा जास्त निगुतीने करायला लागली होती ती. बाबा पटापट जेवून उठायचे.

मग एका रविवारी जेवताना बाबांनी सांगून टाकलं, "पुढच्या सोमवारपास्नं मी जातो कामावर. ठेकेदार हाय एक, त्याला जुना फिटर पायजे. टेंपो येनार घ्यायला."

काम तेच, हातोड्याच्या शेडमध्ये. आणि कानाच्या डॉक्टरांनी गेल्याच वर्षी बजावलं होतं की ऐकू येणं जेवढं उरलंय तेवढं जपा, पुन्हा त्या आवाजात गेलात तर तेही जाईल. मी ताटावरच भांडले. पैशांची नड नाही, मग कशासाठी हा हट्ट? बाबा म्हणाले, "घरी करमत नाय."  आईने बिरड्याचं भांडं झाकलं आणि आत नेऊन ठेवलं.

मी रागारागात ओटीवर जाऊन स्पीकर लावला. नव्या अल्बमचा ढीग पडला होता. पहिला लावला आणि दहा मिनिटांत बाबा येऊन शेजारी बसले. त्यांच्या हातात त्यांचा लांब स्क्रू ड्रायव्हर होता. फिटर लोकांची जुनी पद्धत आहे ही. मशीनचं बेअरिंग कसं चाललंय ते ऐकायचं तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं आणि मूठ कानाच्या हाडाशी दाबायची. बाबांनी टोक स्पीकरच्या खोक्यावर टेकवलं, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले. समेट करायला आले होते, हे मला कळलं. मी आवाज मोठा केला नाही, तशी गरजच नव्हती.

"ह्याचं बेअरिंग गेलंय," पहिल्या अल्बमला ते म्हणाले. तो उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ गावात एकट्याने बसून केलेला होता, मुद्दाम खरखरीत, वादळात रेकॉर्ड केल्यासारखा. मला आवडला होता.

दुसरा अकरा मिनिटांत सतरा गाणी उरकणारा. "ह्याला घाई हाय, पन माल बरोबर काडतोय." मी त्याबद्दल दोन परिच्छेद लिहिणार होते, ते या एका वाक्यात आलं.

तिसऱ्यात एका जोडप्याने बंद पडलेल्या भातगिरणीचे पट्टे आणि पत्रे वाजवून त्यावर गिटार चढवली होती. बाबा एकदम उठले आणि परसात जाऊन पाण्याचा पंप बघून आले. पंप बंदच होता. "मला वाटलं आपलाच पट्टा सुटला," म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. आतून आईने डोकावून पाहिलं.

चौथा अल्बम मी आधी ऐकलेला होता, ग्रुपवर लिहिलाही होता. चांगला, जड, सावकाश. फक्त शेवटी वादक वाद्यं खाली ठेवतात आणि एक बारीक तीक्ष्ण शिट्टी तेवढी वाजत राहते. बाकी काही नाही. मी लिहिलं होतं, 'ऐकाच, शेवटची चार मिनिटं सोडून द्या. नुसता भरणा आहे.' ती शिट्टी सुरू झाली तसा मी पुढे ढकलायला हात नेला.

"थांब." बाबांनी माझं मनगट धरलं. "आवाज वाडव जरा."

मी वाढवला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर कानाशी घट्ट दाबला. त्यांचा चेहरा असा झाला, जसा गर्दीत ओळखीचा माणूस दिसल्यावर होतो.

"हीच," ते म्हणाले. "हीच ती. थोडी ह्याच्या वरची असंल."

"कुठली ती?"

"माज्या कानातली, बाय. सा वर्सं झाली. शेडमदी असतो तवा कळत नाय, हातोड्याखाली दबते. घरी आलो का सुरू. जेवडं शांत, तेवडी मोठी."

 पहाटेच्या येरझाऱ्या, ट्रकच्या कडेची टपरी, घाईघाईत उरकलेली जेवणं, सगळं एकाच ठिकाणी येऊन बसलं. मशीनला कुठे दुखतंय ते कान लावून सांगणारा हा माणूस, आणि त्याला सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

आई दारात उभी होती, सूप हातात. तिने सगळं ऐकलं होतं. "मंग सांगितलं का नाय?" तिने विचारलं.

"डाक्टर म्हनला, ह्याला औशद नाय. दुरुस्त व्हायचं नाय ते सांगून काय करू? तुजा जीव कशाला टांगनीला लावू?"

आई खाली बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "परत लाव गं ते. पयल्यापास्नं."

मी ती शिट्टी पुन्हा लावली आणि या वेळी आम्ही तिघांनी ती पूर्ण चार मिनिटं ऐकली. दोन मिनिटांनी मला उठून जावंसं वाटलं. आई हलली नाही. संपल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि बाबांना म्हणाली, "मला वाटलं, तुमाला माजाच कटाळा आलाय."

"येडी का काय तू," बाबा म्हणाले. 

पुढचा आठवडाभर मी कामावरून आले की आम्ही दोघं एकच गोष्ट शोधत बसलो, जिच्याखाली शिट्टी बुडेल आणि कानालाही इजा होणार नाही, असा बेताचा आवाज. बाबा प्रत्येकाला एकेक ओळीत निकालात काढायचे. "फाउंडेशन नाय." "नट ढिला." "हा मानूस चांगला हाय, पन लय दुःखी." शनिवारी सापडला. त्याच आठवड्यात आलेला, एका बाईने एकटीने केलेला. सव्वा तास जवळपास एकच जाड सूर, पाण्याच्या टाकीत मोटार चालावी तसा, आणि मधून मधून तिचं खोल गुरगुरणं. ग्रुपमध्ये कुणीही तो पाच मिनिटांपलीकडे ऐकला नव्हता. बाबांनी मूठ कानाला लावली. डोळे मिटून ऐकत राहिले.

"बुडाली," म्हणाले.

पण कामाला जाणार नाही असं काही ते म्हणाले नाहीत. शब्द दिला होता ठेकेदाराला, आणि दिला शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारायची आईला भीती वाटत होती, मलाही.

सोमवारी सकाळी त्यांनी अंघोळ केली, कामाचा शर्ट घातला, बूट चढवले. आईने डबा भरला. टेंपोला अर्धा तास होता. बाबा ओटीवर खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "गाडी येईपरेंत त्या बाईचं लाव."

लावलं. पाचव्या मिनिटाला त्यांची मान एका बाजूला कलली. आईने डबा हातात धरूनच त्यांच्याकडे बघितलं. बाबांना दिवसाउजेडी झोपलेलं आम्ही कधीच पाहिलं नव्हतं. तोंड थोडं उघडं, कपाळावरची आठी गेलेली.

गेटाशी टेंपो आला आणि हॉर्न वाजला. मी आईकडे पाहिलं. ती डबा खाली ठेवून जवळजवळ धावतच गेटाशी गेली आणि ड्रायव्हरसमोर दोन्ही हात हलवले.

"हॉर्न नको मारू रं! झोपलेत ते."

ड्रायव्हरने घराकडे पाहिलं. ओटीवरून त्या बाईचं गुरगुरणं गेटापर्यंत येत होतं.

"झोपलेत? आनि हे काय चाललंय आत, काकू?"

"ते असू दे. तू जा. सांग ठेकेदाराला, नाय येत म्हनावं."

टेंपो गेला. आई परत आली, बाबांच्या पायाशी बसली आणि हळूच, त्यांना जाग येणार नाही अशा बेताने बुटांच्या नाड्या सोडायला लागली. दुसरा बूट काढता काढता तिने माझ्याकडे मान वळवली.

"संपत आलं तं परत लाव गं."