एका चौकोनात दोन घरं

नकाशांच्या एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी सध्या हायपरस्पेक्ट्रल चित्रं वाचायला शिकते आहे. उपग्रहाच्या या चित्रांत डोळ्यांना न दिसणारेही कितीतरी रंग असतात. चित्र ज्या बारीक चौकोनांचं बनतं, त्यांतल्या कुठल्याही एकावर क्लिक केलं की त्या सगळ्या रंगांची एक रेघ उमटते. पानांची रेघ एकदम उंच चढते, मातीची सावकाश.

काल आमच्या घरावर क्लिक केलं, तर रेघ कुणासारखीच नाही. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मग लक्षात आलं, त्या एका चौकोनात आमचा पत्रा, अंगण आणि शेजारच्या काकूंचा आंबा असं सगळं मावलं होतं. ज्या कुंपणावरून दोन्ही घरांत गेलं वर्षभर अबोला आहे, ते कुंपण उपग्रहाला दिसलंच नव्हतं. माणूस आपली रेघ आपल्या एकट्याची समजतो आणि तिच्यातला अर्धा हिरवेपणा शेजाऱ्यांचा निघतो, याची मला गंमत वाटली.

सॉफ्टवेअरने त्या चौकोनाचे वाटे करून दिले. पानं सर्वांत जास्त, मग माती, मग पत्रा. थोडंसं उरलं, ते कशातच बसेना.

आई मागे येऊन उभी राहिली. “यात मी कुठे आहे गं?”

मी त्या उरलेल्याकडे बोट दाखवलं.

“बरोबर आहे त्याचं,” आई म्हणाली. मग पानांच्या वाट्याकडे बघत राहिली. “आणि हा आंबा त्यांचा ना?”

मी मान डोलावली. ती खिडकीशी गेली.

“अहो वहिनी, जरा इकडे या. तुम्ही आमच्या घरात दिसताय.”